मुक्त आज्ञावली आणि तिच्यावरील हक्कनोंद : एक अभ्यास

स्नेहसंमेलनासाठी एकांकिका निवडताना नाटकाचे पुस्तक हाती घेतलेल्या प्रत्येक विद्यार्थ्याला त्याची पहिली दोन पाने परिचित आहेत. प्रकाशकाचे नाव, मुद्रकाचा पत्ता, आवृत्तीचा दिनांक आणि त्याखाली, पुष्कळदा चौकटीत, अशी सूचना असते की या नाटकाचा प्रयोग करण्यापूर्वी लेखकाची परवानगी घेणे आवश्यक आहे. आपण ती सूचना पाळतो की नाही हा भाग निराळा. परंतु ते पान फाडून, मुखपृष्ठावर स्वतःचे नाव छापून तेच पुस्तक बाजारात विकण्याचे धाडस सहसा कोणी करीत नाही. संगणकाच्या आज्ञावलीबाबत मात्र नेमके हेच सर्रास घडते आणि करणाऱ्याला त्यात काही वावगे वाटतही नाही.

आज्ञावली म्हणजे प्रोग्रॅम, आणि तिचा लिहिलेला मजकूर म्हणजे सोर्स कोड. यापुढे मी नुसता ‘कोड’ हाच शब्द वापरीन, कारण प्रयोगशाळेत आपण सर्वजण तोच वापरतो. हा विषय संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा आहे, वाणिज्य शाखेच्या मुलीने त्यात का पडावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की हा प्रश्न मुळात देवघेवीचा आणि कागदपत्रांचा आहे. यंत्राचा त्यात भाग थोडा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘ओपन सोर्स’ला आपण मराठीत ‘मुक्त’ म्हणतो, आणि मुक्त म्हटले की आपल्या मनात फुकट, मोकळे आणि बेवारस हे तिन्ही अर्थ एकदम येतात. यांपैकी तिसरा अर्थ साफ चुकीचा आहे. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाची आज्ञावली ही ‘साहित्यकृती’ मानली आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कादंबरी आणि बिले बनविणारी आज्ञावली एकाच रांगेत बसतात. हा हक्क नोंदणी न करता, कोणताही शिक्का न मारता, कोड लिहिला गेला त्या क्षणी निर्माण होतो आणि लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षे टिकतो. आंतरराष्ट्रीय करारामुळे आणि आपल्या सरकारच्या १९९९ च्या आदेशामुळे अमेरिकेत किंवा जर्मनीत बसून लिहिलेल्या कोडलाही भारतात तेच संरक्षण मिळते. तेव्हा कोड उघडा ठेवणारा मनुष्य हक्क सोडून देत नाही. हक्क स्वतःकडे ठेवून तो काही अटींवर वापरण्याचा परवाना देतो. कोणत्या अटी, हे ज्या मजकुरात लिहिलेले असते तीच ती नोंद: वर्तुळातले ‘सी’ अक्षर, वर्ष, नाव, आणि त्याखाली परवान्याचा मजकूर.

या नोंदीचे महत्त्व मला पुस्तकातून नव्हे, एका विक्रीच्या वाटाघाटीतून कळले. माझी मावशी इंदूरला बडा गणपती भागात राहते. ज्यांनी ते देऊळ पाहिले नसेल त्यांच्यासाठी सांगते, शेंदूर चढविलेली ती भव्य बैठी मूर्ती समोर उभे राहिल्यावर नजरेत एकदम मावत नाही. विटा, चुना, गूळ, मेथीदाणा, निरनिराळ्या तीर्थक्षेत्रांची माती आणि पाणी यांपासून ती घडविली असे तेथील लोक सांगतात, आणि कोणकोणत्या क्षेत्रांची माती हेही आवर्जून मोजून दाखवितात. काकांचा, म्हणजे मावशीच्या यजमानांचा, तेथून जवळच्या गल्लीत लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, मंडळांच्या वर्गणीच्या पावत्या छापण्याचा लहानसा व्यवसाय आहे. मावसभावाने, म्हणजे दादाने, दुकानासाठी एक आज्ञावली तयार केली. गिऱ्हाइकाने मजकूर सांगितला की पत्रिकेचा कच्चा नमुना पडद्यावर दिसतो, हिशेब आणि उधारी त्यातच राहते, पावतीवर रक्कम अंकी व अक्षरी आपोआप उमटते. बाहेरगावच्या एका छापखानेवाल्याने ती पाहिली आणि ३५ हजार रुपयांना मागितली. त्याची अट एकच होती: “माहिती”च्या पडद्यावर आणि आतल्या फाइलींत जी इंग्रजी नावे आहेत ती सगळी काढायची आणि फक्त त्याच्या छापखान्याचे नाव ठेवायचे.

दादाला ती मागणी रास्त वाटली. पैसे तो देणार, मग नाव त्याचे. मी सुट्टीत तेथे होते, आणि परीक्षेसाठी नुकताच १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायदा घोकला होता. काकांनी मात्र कायदा न वाचताच प्रश्न विचारला, “अरे, हुंडीच्या पाठीवरच्या जुन्या सह्या खोडून कोणी नवी सही करतं का?”

हा दाखला मला फार योग्य वाटला. माळव्यातल्या अफूच्या व्यापाराच्या काळी इंदूरच्या पेढ्यांवर हुंड्यांचा मोठा व्यवहार चाले, त्याची भाषा तेथील जुन्या माणसांच्या तोंडी अजून आहे. हुंडी एकाकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा देणारा तिच्या पाठीवर सही करतो. त्यास पृष्ठांकन म्हणतात. पुढचा धारक आधीच्या सहीखाली आपली सही करतो. पाठीवर जागा उरली नाही तर वेगळी चिठ्ठी चिकटवितात, आणि कायद्याच्या १५ व्या कलमात तशी सोय सांगितली आहे. या सह्यांची अखंड साखळी हाच शेवटच्या धारकाच्या हक्काचा पुरावा असतो. मधली सही खोडली तर आधीच्या माणसाचे काय व्हायचे ते होवो, पहिली अडचण ज्याच्या हाती हुंडी आहे त्याचीच होते.

कोडमध्येही असेच आहे. दादाने दुसऱ्याचा कोड घेतला, तो कोणत्या अधिकाराने? विकत घेतला नाही, करारही केला नाही. अधिकार फक्त त्या फाइलीच्या माथ्यावरच्या मजकुराने दिलेला. तो मजकूर पुसला की दादाकडे विकण्याचा हक्क दाखविणारा एकही कागद उरत नाही. परवान्याचा मजकूर ही मूळ लेखकाची जाहिरात नसून आपल्याच हक्काचा दस्तऐवज आहे, ही गोष्ट माझ्या मते या साऱ्या विषयाचा गाभा आहे. हुंडीच्या दाखल्याची मर्यादाही सांगितली पाहिजे. हुंडीवर सही करणारा जबाबदारी पत्करतो. कोडवर नाव लिहिणारा बहुधा ती नाकारतो. ‘जसे आहे तसे देत आहे, नुकसान झाल्यास आम्ही बांधील नाही’ असे बहुतेक परवान्यांत मोठ्या अक्षरांत लिहिलेले असते. विकणाऱ्याने हा मजकूर गाळला तर गिऱ्हाइकाची समजूत अशी होते की प्रत्येक ओळीची हमी विकणाऱ्याचीच आहे. उद्या हिशेब चुकला तर तो कोणाचा गळा धरील?

मग आम्ही आत काय काय आहे याची यादी केली, जशी दुकानातल्या मालाची शिलकी यादी करतात तशी. पीडीएफ बनविणारा भाग एमआयटी परवान्याचा निघाला. तक्ते काढणारा भाग बीएसडी परवान्याचा, आणखी एक भाग अपाचे परवान्याच्या दुसऱ्या आवृत्तीचा, अक्षरे ‘मुक्ता’ या टंकाची, आणि अंकांचे अक्षरी रूपांतर करणारी एक फाइल, जिच्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

एमआयटी परवाना फार लहान आहे. वापरा, बदला, विका. अट एवढीच की हक्काची ओळ आणि परवान्याचा मजकूर प्रत्येक प्रतीत किंवा मोठ्या अंशात ठेवा. बीएसडी थोडे अधिक स्पष्ट बोलतो. कोड उघडा देत असाल तर नोंद कोडमध्ये ठेवा. केवळ चालणारी आज्ञावली देत असाल तर सोबतच्या माहितीपत्रकात किंवा इतर साहित्यात ती छापा. दादाचा युक्तिवाद होता की गिऱ्हाइकाला कोड दिसतच नाही, मग नोंद कोणासाठी? त्याचे उत्तर परवान्याने आधीच देऊन ठेवले आहे. शिवाय वेबपानांवरील कोड लहान करण्यासाठी जी साधने वापरतात ती शेरे म्हणजे कॉमेंट उडवून टाकतात, आणि त्याबरोबर हक्कनोंदही जाते. येथे कोणाचा वाईट हेतू नसतो. म्हणून पुष्कळ लेखक शेऱ्याच्या आरंभी उद्गारचिन्ह घालतात. ते असले की यांतील बरीचशी साधने तो शेरा राखतात.

अपाचे परवान्याची मागणी जास्त आहे. परवान्याची प्रत द्यावी, ज्या फाइली बदलल्या त्यांवर बदल केल्याचे ठळकपणे लिहावे, आणि मूळ कामाबरोबर ‘नोटिस’ नावाची फाइल असेल तर तिच्यातील श्रेयाचा मजकूर पुढे न्यावा. ही ‘नोटिस’ म्हणजे हुंडीला चिकटविलेली चिठ्ठीच होय. जीपीएल परवान्याचा कोड दादाच्या आज्ञावलीत नव्हता, नाहीतर नोंदीवर भागले नसते. तेथे गिऱ्हाइकाला संपूर्ण कोडही देण्याची तयारी ठेवावी लागते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

मराठी वाचकाच्या दृष्टीने सर्वांत बोधप्रद उदाहरण टंकांचे, म्हणजे फॉन्टचे आहे. आपण पडद्यावर रोज देवनागरी वाचतो, पण ती अक्षरे कोणी काढली याची चौकशी करीत नाही. महाराष्ट्र शासनाच्या राज्य मराठी विकास संस्थेने ‘यशोमुद्रा’ हा टंक ‘एक टाइप’च्या गिरीश दळवी आणि यशोदीप घोलप यांच्याकडून करवून घेतला. त्यावर २०१२ ची हक्कनोंद आहे, आणि तो ‘ओपन फॉन्ट लायसन्स’खाली सर्वांना खुला आहे. पुढे मुंबईच्या आयआयटीतील विज्ञान व वारसाविषयक उपक्रमाला संस्कृत ग्रंथांसाठी टंक हवा होता. वैदिक स्वरचिन्हे आणि हजाराहून अधिक जोडाक्षरे ज्यात आहेत असा टंक शून्यापासून काढणे म्हणजे वर्षांचे काम. त्यांनी देवनागरीसाठी यशोमुद्रेचा आधार घेतला, रोमन व रशियन अक्षरांसाठी मॉस्कोच्या पॅराटाइप कंपनीचा २०१० चा ‘पीटी सेरिफ’ घेतला, आणि ‘शोभिका’ हा नवा टंक सिद्ध केला. शोभिकेबरोबरच्या माहितीत आयआयटीचे नाव आहेच, परंतु राज्य मराठी विकास संस्था, एक टाइप आणि पॅराटाइप यांचीही नावे वर्षांसह दिलेली आहेत. एवढी मोठी संस्था असून तिने मागची सही खोडली नाही, खाली आपली सही केली.

नाव बदलून ‘शोभिका’ का केले, हाही त्याच परवान्याचा भाग आहे. मूळ कर्ता आपल्या टंकाचे नाव राखून ठेवू शकतो, ‘पीटी सेरिफ’चे तसे राखलेले आहे, मग बदललेल्या टंकास ते नाव देता येत नाही. बदल आमचा आणि दोष मात्र त्यांच्या नावावर, असे होऊ नये म्हणून ही योजना. श्रेय द्यायचे, पण त्याच नावाखाली आपला माल खपवायचा नाही, या दोन गोष्टींतला फरक व्यापारी चिन्हांचा कायदा शिकलेल्यांच्या लगेच ध्यानात येईल. या परवान्याच्या आणखी दोन अटी छापखानेवाल्यांनी ध्यानात ठेवाव्यात. नुसता टंक विकता येत नाही, आज्ञावलीबरोबर मात्र देता येतो, आणि तेव्हा प्रत्येक प्रतीत हक्काची नोंद व परवाना असावा लागतो. टंक वापरून छापलेल्या पत्रिकेला वा पुस्तकाला ही अट लागत नाही. लग्नपत्रिकेखाली ‘मुक्ता टंक, अमुक परवाना’ असे छापायची गरज नाही, हे ऐकून काकांना हायसे वाटले.

पुण्यात मोठे कार्यालय असलेल्या रेड हॅट कंपनीचा ‘लोहित’ हा टंकसमूह २००४ साली जीपीएल परवान्याखाली निघाला आणि २०११ साली ओपन फॉन्ट लायसन्सकडे वळला. जीपीएल हा मुळात आज्ञावलींसाठी लिहिलेला; टंक दस्तऐवजात गुंफला गेला तर त्या दस्तऐवजाचे काय, अशा शंका त्यात राहतात. लोहितात कन्नडही आहे. एक टाइपच्या ‘बलू’ टंकाच्या कन्नड भावंडाचे नाव ‘बलू तम्म’ आहे. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना ‘तम्म’ म्हणजे धाकटा भाऊ हे सांगायला नको. ज्यांना आपापल्या भाषेत काही करावयाचे आहे त्यांच्यासाठी हा साठा मोठा आहे.

नोंद गाळली तर काय बिघडते, याचे प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतील आहे. रॉबर्ट जेकबसन या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी सहकाऱ्यांसह खेळातील आगगाड्या चालविण्याची आज्ञावली मुक्त परवान्याखाली ठेवली होती. मॅथ्यू कॅट्झर यांच्या कंपनीने त्यातील काही फाइली आपल्या विक्रीच्या आज्ञावलीत घेतल्या आणि लेखकांची नावे, हक्कनोंद व मूळ फाइलीत काय बदलले याची माहिती गाळली. बचाव असा की अट मोडली असेल तर तो फार तर कराराचा भंग, कॉपीराइटचा नव्हे. खालच्या न्यायालयाने तो ग्राह्य धरला. ऑगस्ट २००८ मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयाने निकाल फिरविला. पैसे घेतले नाहीत म्हणून लेखकाचा आर्थिक लाभ नव्हता असे होत नाही. नाव टिकल्याने ख्याती वाढते, सुधारणा परत येतात. आणि या अटी परवान्याचा आधारच आहेत, त्या मोडणारा परवान्याच्या बाहेर जातो. २०१० साली प्रकरण तडजोडीने मिटले. ‘मोबदल्याविना करार नाही’ हे सूत्र आपण १८७२ च्या करार कायद्यात पाठ करतो. मोबदला नेहमी रुपयांत मोजायचा नसतो, हे या निकालामुळे माझ्या नीट ध्यानात आले.

तो निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. परंतु आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने ६५-ब हे कलम आले आहे. कृतीचे नाव, लेखकाचे नाव, हक्कधारकाचे नाव व पत्ता, वापराच्या अटी या माहितीला त्यात संरक्षण आहे, आणि ती जाणूनबुजून विनाअधिकार काढणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद व दंड होऊ शकतो. अशी माहिती काढलेल्या प्रती माहीत असून वाटणाराही त्यातच येतो. विकत घेणाऱ्याचीही सुटका नाही. हक्कभंग करून बनविलेली आज्ञावली जाणूनबुजून वापरणाऱ्यास ६३-ब कलमाखाली शिक्षा आहे, आणि दंड किमान ५० हजार रुपये. आमच्या छापखानेवाल्याने ३५ हजार देऊन हे ओढवून घेतले असते.

दुसरी बाजूही मांडली पाहिजे. नोंदींचे ओझे होऊ शकते. जुन्या बीएसडी परवान्यात अशी अट होती की जाहिरातीतही मूळ कर्त्यांचा उल्लेख करावा. जो तो आपले नाव घालू लागला, आणि १९९७ च्या नेटबीएसडी या एका प्रणालीत अशी ७५ वाक्ये मोजली गेली. ७५ नावांची जाहिरात कोण छापणार? कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ साली ती अट रद्द केली. पण कोडमधील नोंद राखण्याची अट त्यांनी ठेवली, आणि मला हाच विवेक योग्य वाटतो. पडद्याच्या दर्शनी भागावर नावांची जत्रा भरविण्याची गरज नाही. शोधणाऱ्याला ती सापडली पाहिजेत.

दादाची विक्री याच मार्गाने झाली. दर्शनी पडद्यावर छापखान्याचे नाव, “माहिती”च्या यादीत ‘इतरांचे काम’ असे एक पान, आणि सोबत एक फाइल, जिच्यात प्रत्येक भागाचे नाव, त्याची हक्काची ओळ जशीच्या तशी आणि परवान्याचा पूर्ण मजकूर. नुसता दुवा देऊन भागत नाही, पाने हलतात. जी फाइल दादाने बदलली तिच्यात जुनी ओळ तशीच ठेवून खाली वर्षासह आपली ओळ घातली. ज्या फाइलीला हातही लावला नाही तिच्यावर आपले नाव लिहिले नाही. मूळचे वर्ष बदलायचे नाही, स्पेलिंगची चूक असली तरी नाव सुधारायचे नाही. बिलावर ‘आज्ञावलीची संपूर्ण मालकी’ असे शब्द होते, ते बदलून ‘आज्ञावली तयार करण्याचे व बसविण्याचे काम’ असे केले; जे आपले नाही त्याची मालकी आपण कशी विकणार? घासाघीस होऊन भाव ३२ हजारांवर आला. तीन हजार गेले याचे दादाला वाईट वाटले, हे लपविण्यात अर्थ नाही.

राहिली ती काहीच न लिहिलेली फाइल. पुष्कळांची समजूत अशी की ज्यावर नोंद नाही ते सर्वांचे. वस्तुस्थिती उलट आहे. परवाना नाही म्हणजे परवानगीच नाही, सर्व हक्क लेखकाकडे. यादीतली सर्वांत धोक्याची वस्तू तीच होती. हल्ली कृत्रिम बुद्धीच्या साधनांकडून मागून घेतलेला कोडही असाच नोंदीविना हाती पडतो, तेव्हा ही अडचण वाढतच जाणार. दादापुढे दोन वाटा होत्या. लेखकाला पत्र लिहून परवानगी मागायची, किंवा ते काम स्वतः नव्याने लिहायचे. कल्पनेवर कोणाचा हक्क नसतो, हक्क मांडणीवर असतो, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात सांगितले. तो वादही एका नाटकावरून चित्रपट काढल्याचाच होता. लेखकाचा पत्ता सापडेना, म्हणून दादाने दुसरी वाट धरली. मराठीत एक ते शंभर हे अंक नियमाने बनत नाहीत. एकोणसाठ, सदुसष्ट, अठ्ठ्याण्णव यांचा तक्ताच द्यावा लागतो. तो तक्ता कोणाच्या कोडमधून घेण्याचे कारण नव्हते. मावशीने माळ्यावरून माझ्या मावसबहिणीची जुनी अंकलिपी काढली, मी एकेक अंक वाचीत गेले आणि दादा लिहीत गेला. दोन संध्याकाळी लागल्या. पूर्वीची फाइल ‘एकोणऐंशी’ला अडखळत असे, नवी अडखळत नाही. तिच्या माथ्यावर दादाचे नाव व वर्ष आहे, आणि त्याखाली एमआयटी परवाना.